समुद्राकडची उंडी

२०२२ साल होतं. पावसाळा सरल्यावर मजीद रत्नागिरीला, मांडवीतल्या घरी आला. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत बत्तीस वर्षं बसलेला माणूस, आता निवृत्त. मांडवीकरांनी शाल-नारळ दिला आणि लगेच गटाराचं रखडलेलं काम सांगितलं. त्यानं सवयीनं मान डोलावत ऐकून घेतलं.

त्याच्या थोरल्या बहिणीला, हाजराला, एकच हवं होतं. त्यानं अम्माच्या कबरीवर उभं राहून दुवा मागावी. अम्मा गेली तेव्हा तिकडे शाळेच्या बसमध्ये सीटबेल्ट बसवायच्या कायद्यावर मतदान होतं. एका मताचा प्रश्न. तो आला नाही. कायदा झाला.

"मामू, इतक्या वेळा निवडून कसे हो यायचात?" हाजराच्या मुलानं, फुजैलनं जेवताना विचारलं.

"मयतीला जायचो. कुणाचीही असो. आपल्याकडची रीत, तिकडे लोकांना अप्रूप. एक चुकवली नाही."

"एक चुकवलीस," हाजरा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

सकाळी तिघं रिक्षानं कब्रस्तानाशी गेली. बायका आत जात नाहीत. हाजरा फाटकाशी रिक्षातच बसली. कबरी मातीच्या, बिननावाच्या. फोनवर वर्षानुवर्षं तिनं एकच खूण सांगितली होती, विहिरीजवळचं उंडीचं झाड. ती उंडी दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडली, हे सांगायचं राहूनच गेलं. अम्मा गेली तेव्हा फुजैल कुवेतला होता. त्यालाही खूण तेवढीच ठाऊक.

दोघं विहीर ओलांडून सरळ पुढे गेले, समुद्राकडच्या उंडीपर्यंत. तिच्याखाली कुणा भलत्याचीच कबर होती.

हाजरा रिक्षातून उतरली. हाक मारायला तोंड उघडलं. तोवर मजीदनं टोपी सारखी केली, मान झुकवली, हात उचलले. जन्मभर हेच केल्यासारखं, अगदी सराईत. दुवा मागणाऱ्याला हाक कशी मारायची? ती परत आत बसली.

"झालं, आपा," तो येऊन म्हणाला. डोळे कोरडे होते. तिचेही.

"झालं," ती म्हणाली. "चल, ऊन वाढतंय."

मजीद पुढच्या वर्षी तिकडेच वारला. मयतीला अख्खं गाव लोटलं होतं म्हणतात. फुजैल कुवेतला परत गेला. हाजरा मांडवीलाच आहे. दर जुम्म्याला कब्रस्तानाच्या राखणदाराकडे फुलं देते. अर्धी विहिरीजवळ, अर्धी समुद्राकडच्या उंडीखाली. तिथं कोण आहे, हे तिनं अजून विचारलेलं नाही.