डागाचं नाव न घेता

निळ्या बुचाच्या बाटलीत तळाशी बोटभर तेल उरलं होतं... जैतुनाचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून दिलेलं. त्यातला एक थेंब हन्नाच्या तर्जनीवर होता आणि बोट तसंच हवेत राहिलं होतं, कारण निकितानं तोंड मागं घेतलं होतं.

"राहू दे मम्मी. आज प्रार्थनापण मीच करते."

अकरा वर्षांची पोर. ओठाच्या उजव्या कोपऱ्याशी पांढरा डाग – तीन वर्षांपूर्वी तिळाएवढा होता, आता चिंचोक्याएवढा. सोलापूरच्या डॉक्टरांचं मलम चालूच होतं. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ तिघं चटईवर गुडघे टेकत आणि शांतवन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रभूला सांगे – डाग कुठं आहे, केवढा झाला आहे – जणू प्रभूला तो दिसतच नव्हता.

निकितानं पप्पांच्या दुखऱ्या कंबरेसाठी मागितलं, शेजारच्या कोंडाबाईंच्या आजारी वासरासाठी मागितलं, मम्मीला बेंबळीच्या बसमध्ये बसायला जागा मिळावी म्हणूनही मागितलं. आमेन म्हणाली. मग चटईची घडी घालता घालता, खाली बघतच बोलली,

"माझ्या डागाचं आता सांगत जाऊ नका. त्यानं ऐकलंय की. तुम्ही रोज रोज सांगता, मग मला वाटतं, तुम्हाला मी अशी नकोच."

"तसं न्हाय गं बाळा..." शांतवन म्हणाला, आणि चर्चमध्ये अर्धा अर्धा तास न अडखळता प्रार्थना करणाऱ्या त्या माणसानं तिच्या हातातली चटई घेऊन उगाच पुन्हा घडी घातली.

बस बेंबळीकडं निघाली. हन्ना तिथल्या दवाखान्यात परिचारिका. आज लसीकरणाचा दिवस. खिडकीबाहेर सोयाबीनची रानं मागं जात होती आणि तिला गेल्या नाताळातला फोटो आठवत होता – सगळी मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर उभी, आणि आपण निकिताची हनुवटी दोन बोटांत धरून हळूच वळवली, "इकडं बघ गं," म्हणजे डाग सावलीत जाईल... पोर वळली होती. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत ती आपण होऊन तशीच वळते – शाळेच्या, वाढदिवसाच्या, सगळ्या. मी शिकवलं तिला ते. दोन बोटांनी.

दुपारी एका बाईनं मांडीवरचं बाळ पुढं केलं. त्याच्या गोऱ्या गालावर आईनं काजळाची तीट लावली होती, ठसठशीत. हन्नानं नजर काढून घेतली आणि सुई भरली.

काय मागू मग मी? बरी होऊ दे – तेच झालं. हिला हिंमत दे – तेही फिरून तेच. हिला चांगली माणसं भेटू देत... कुठूनही निघालं तरी मागणं त्या कोपऱ्याशीच येऊन थांबत होतं. बाळ कळवळून रडलं. "झालं, झालं," ती म्हणाली, कुणाला ते तिलाच कळलं नाही.

दिवेलागणीला तिघं पुन्हा चटईवर बसली. शांतवननं आजाऱ्यांसाठी मागितलं, एसटी डेपोत आपल्याबरोबर काम करणाऱ्या सोबत्यांसाठी मागितलं. "आणि आमची निकिता..." म्हणाला आणि थांबला. पंखा फिरत होता. त्याचा हात लेकीच्या डोक्यावर जाता जाता मध्येच राहिलेला.

"...तुला ठाऊक आहे," तो म्हणाला.

हन्नानं डोळे उघडले. निकिताचे उघडेच होते. ती आईच्या ओठांकडं टक लावून बघत होती. ओठ मिटलेले बघून ती हसली, समाधानानं, आणि तिनं डोळे मिटून घेतले. पण हन्नाच्या आत तेच शब्द चालू होते, तीन वर्षांच्या सवयीनं – पुसून टाक, पुसून टाक – तिनं दात आवळले तरी चालूच. लेकीच्या चोरून मागतेय मी... तिला ते थांबवता येईना. आणि ऐकू नकोस, असंही काही केल्या देवाला म्हणवेना.