हवेत आवळलेला बुश

मी या जुन्या गाडीचा बुश बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही. दुखायला लागेपर्यंत आमची कुणाला आठवण होत नाही. पुढचं चाक ज्या लोखंडी आर्मने गाडीला जोडलेलं असतं, त्याच्या सांध्यातलं मी रबर. खड्ड्यांचा मार मी खायचा आणि आत बसलेल्यांनी गप्पा मारायच्या, असा आमचा संसार.

सहा वर्षांपूर्वी या घरातल्या वडिलांनी मला अंगणात स्वतः बसवलं. माणूस हौशी, पण उतावळा. गाडी जॅकवर असतानाच त्यांनी नट करकचून आवळला. मग गाडी खाली उतरली आणि मी जो पिळला गेलो, तो कायमचा. मान मुरगळलेली असताना हमाली करून बघा, म्हणजे कळेल.

पुढे मी फाटलो. प्रत्येक खड्ड्याला खट्ट वाजायचं. वडील म्हणायचे, "रस्तेच भिकार." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

यंदा आईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. व्यायामासाठी त्यांना दिवसाआड दवाखान्यात न्यायचं होतं. माझ्या प्रत्येक खट्टला त्या मागच्या सीटवर ओठ चावायच्या. परवा घरी आल्यावर म्हणाल्या, "मी आता नाही जायची. पाठ अशीच राहिली तरी चालेल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी लेक कामाला लागली. वडील शेजारी खुर्ची टाकून सूचना देत होते. तिने गंजलेले नट सोडवले, मला आर्मसकट काढलं आणि नवा बुश असलेला आर्म जागेवर चढवला.

"आता आवळ चांगला," वडील म्हणाले.

तिने पाना खाली ठेवला आणि मला त्यांच्या मांडीवर आणून दिलं. "बाबा, हा पिळून फाटलाय. तुम्ही गाडी वर असतानाच आवळला होतात का?"

वडिलांनी माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण दमलेल्याला रागही पेलत नाही.

"हो," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे तुझ्या आईला इतके दिवस मीच त्रास दिला. चाक टेकव आधी, गाडीचं वजन पडू दे, मग आवळ. तिला मी सांगतो."

दुपारी त्यांनी आईंना कसंबसं गाडीपर्यंत आणलं. दार धरून म्हणाले, "चूक रस्त्याची नव्हती, माझी होती."

"ते घरी आल्यावर बघू," आई म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

मी पायरीवर पडून होतो. फाटकाबाहेरच्या गतिरोधकावरून गाडी गेली. मी कान देऊन ऐकलं. खट्ट नाही, कण्हणं नाही. वडिलांनी गाडी थांबवून मागे वळून पाहिलं.

"अहो, चला की," आतून आईंचा आवाज आला. "थांबलात कशाला?"

आता मला भंगारात द्या, नाहीतर कुठेही टाका. फक्त पुन्हा कशाला जोडू नका. फार दमलोय.