खुर्ची कोणी ठेवली

जहाजावरच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर नवरा बाल्कनीकडे धावला. शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, केवढा हा समुद्र!" आणि ती मात्र दोन्ही गुडघे गालिच्यावर टेकून रांगायला लागली.

"झालं! आली पाळणाघराची तपासणी," नवरा म्हणाला.

हसू दे. तिच्या पाळणाघरात नऊ वर्षांत एकाही पोराला टाका पडला नव्हता, आणि तो काही नशिबाने नव्हे. उभ्या माणसाला खोली दिसते, रांगणाऱ्याला त्यातल्या शिड्या दिसतात. ती रांगत बाल्कनीत गेली. उभी राहिली तेव्हा कठडा तिच्या छातीला लागत होता, खाली जाड काच, फट कुठेच नाही. कठडा चांगला होता. पण त्याला खेटून दोन खुर्च्या होत्या. खुर्चीवर उभा राहिला की चार वर्षांच्या खारूला तोच कठडा कमरेला लागणार. त्या वयाच्या पोराचं डोकंच जड असतं. ते कमरेतून पुढे गेलं की बाकीचं अंग मागोमाग जातं, कोणाची परवानगी घेत नाही. खारू हे नावच त्याला खारीसारखा चढतो म्हणून पडलं होतं, पडद्यावरसुद्धा चढायचा. धाकटी ठकी दीड वर्षाची. ती भावाच्या मागे कुठेही जायची.

बाल्कनीची खोली घ्यायची की नाही यावरून घरी दोन आठवडे भांडण झालं होतं. शेवटी ती नमली, पण तीन गोष्टी नवऱ्याकडून कबूल करून घेऊन. बाल्कनीत खुर्ची नको. दाराची वरची कडी सतत लावलेली हवी. आणि पोराला कठड्यापाशी उचलायचं नाही, कोणीही, कितीही घट्ट धरलं तरी. "खारूची शपथ," नवरा म्हणाला होता. शपथ घ्यायला काय लागतं!

खोली आवरणारा माणूस पन्नाशीचा होता, कमी बोलणारा. तिने सांगायच्या आधीच त्याने पोरांकडे बघितलं आणि एकेका हातात एकेक खुर्ची उचलली. "लहान मुलं असली की मी काढूनच ठेवतो, मॅडम. माझीही दोन आहेत. आठ-आठ महिने भेट नाही." जाताना त्याने कडी दोनदा लावून, काढून बघितली. तिला वाटलं, चला, या बोटीवर एक तरी शहाणा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोरांना पोहायच्या तलावावरून घेऊन आली, तर बाल्कनीत कठड्याला लागून खुर्ची.

"ही कोणी ठेवली?"

"मला काय माहीत?" नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "त्यानेच ठेवली असेल. शंभर खोल्या आवरायच्या, कुठे लक्षात राहतंय त्याला."

तेवढ्यात तो माणूसच टॉवेल घेऊन दारात आला. तिने विचारलं, "काका, खुर्ची परत कशी आली?"

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पलंगावर लोळणाऱ्या नवऱ्याकडे. "चूक झाली, मॅडम," म्हणाला, आणि खुर्ची घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खुर्ची बाहेर आणि वर कडीसुद्धा काढलेली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. एकदा चूक होते. दुसऱ्यांदा झाली तर तो निष्काळजीपणा, आणि निष्काळजी माणसाला ती पाळणाघराच्या फाटकातून आत घेत नसे. तडक खाली गेली, काउंटरवर कागद मागितला आणि उभ्या उभ्या तक्रार लिहून दिली. या माणसामुळे माझं मूल जिवानिशी गेलं असतं, असं लिहिलं. संध्याकाळी कळलं, त्याला खोल्यांवरून काढून तळमजल्यावर कपडे धुण्याच्या खात्यात टाकलाय.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "कशाला बिचाऱ्याच्या मागे लागलीस? सोडून द्यायचं."

तिला वाटलं, किती मऊ मनाचा आहे हा. स्वतःच्या कडकपणाची लाजसुद्धा वाटली थोडी. याबद्दल तिने पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही. तो तिच्या डोळ्यांत बघून दयाळूपणा करत होता, आणि ती त्या दयाळूपणावर भाळली होती!

चौथ्या दिवशी सकाळी ती ठकीला अंघोळ घालत होती. बाहेर काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. आधी वाटलं नवरा असेल. मग वाऱ्याने न्हाणीघराचं दार आपटलं. खोलीत वारा! म्हणजे बाल्कनीचं दार उघडं. तिने साबणाने भरलेल्या ठकीला तशीच खाली जमिनीवर बसवली आणि बाहेर आली.

खारू खुर्चीवर उभा होता. पोट कठड्यावर, टाचा उचललेल्या, मान खाली घातलेली. खाली नऊ मजले, मग पाणी.

ती ओरडली नाही. उंचावर चढलेल्या पोराला हाक मारायची नसते, दचकून हात सुटतात. हे तिने कितीतरी मदतनीस बायकांना घसा सुकेस्तोवर शिकवलं होतं. आता तिने स्वतःची हाक दातांखाली धरली. अनवाणी, ओल्या पायांनी, सहा पावलं. मग दोन्ही हातांचा विळखा त्याच्या कमरेभोवती, आणि दोघं धाडकन मागे, बाल्कनीच्या फरशीवर.

"आई, दुखलं ना!" खारू म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून एकदम हळू आवाजात, "बाबाला सांगू नको हं, मी तुला दाखवलं ते."

"काय दाखवलं?"

"आमचं गुपित. रोज सकाळी तू ठकीला अंघोळ घालतेस ना, तेव्हा बाबा मला खुर्चीवर उभं करतो आणि आम्ही जहाज पाणी कसं फाडतं ते बघतो. आईला सांगायचं नाही, म्हणाला. आई भित्री आहे ना, म्हणून. आज बाबा चहा आणायला गेला, दार उघडंच होतं. मग मी एकटाच बघितलं."

"आणि खुर्ची?"

"ही आजीची, बाबाने आणली. आधीची त्या काकांनी आणून दिली. बाबा काकांना म्हणाला, मॅडमला बोलायचं नाही."

ठकी आत एकटी बसून रडत होती. तिने खारूला काखोटीला मारला, आत आली, कडी लावली, ठकीला टॉवेलात गुंडाळलं. भीती केव्हाच मागे पडली होती.

नवरा दोन कप चहा घेऊन आला. तिच्याकडे बघितलं आणि कप ठेवायला जागा शोधायला लागला.

"मी चोवीस तास घट्ट धरलेला असतो त्याला," तो म्हणाला. तिने अजून काही विचारलंही नव्हतं.

"आज कोणी धरला होता?"

"दोन मिनिटांसाठी गेलो गं! तू ना, पोराला कापसात गुंडाळून ठेवतेस. त्यालाही जरा मजा…"

आवाज ऐकून सासूबाई आल्या. "सकाळी सकाळी काय हे? अगं, बाप होता ना सोबत. किती गोड दिसत होतं पोरगं! थांब, दाखवते." आणि खरोखर त्यांनी मोबाइल पुढे केला. परवाचा फोटो, त्यांच्या बाल्कनीतून काढलेला. खारू खुर्चीवर, वाऱ्याने केस उडालेले. बापाचा एक हात पोराच्या पाठीवर, दुसऱ्या हातात कॉफीचा कप.

एका हाताने. घट्ट म्हणे.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस का?" सासूबाई भाबडेपणाने म्हणाल्या.

"आता शांत हो," नवरा म्हणाला. "काही झालं नाही ना?"

"झालंय. तू त्याला चढायला शिकवलंस, ते मी एक वेळ गिळलं असतं. तू त्याला आईला सांगू नको हे शिकवलंस. मी नऊ वर्षं लोकांच्या पोरांना एकच धडा देते. जो मोठा माणूस म्हणेल आईला सांगू नको, त्याचं नाव आधी आईला सांगायचं. आणि माझ्याच घरात तू…" तिने ठकीला खांद्यावर घेतलं. "आणि त्या माणसाचं काय? मी त्याला घालवला. तू बघत होतास."

नवऱ्याने चहाचा घोट घेतला.

काउंटरवर तिने आतल्या बाजूची, बाल्कनी नसलेली खोली मागितली. स्वतःसाठी आणि दोन पोरांसाठी. मग कागद मागितला. 'खुर्ची माझ्या नवऱ्याने मागवून घेतली. कडी त्यानेच काढली. मी निरपराध माणसावर आळ घेतला.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि त्या माणसाला वर बोलवा म्हणाली.

तो आला. हात धुण्याच्या पावडरने पांढरे झालेले. तिने माफी मागितली. तो हसला नाही, 'असू दे मॅडम' म्हणाला नाही.

"मला एकट्याला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं ना मी तुम्हाला…"

"साहेबांसमोर विचारलं होतंत."

तिची मान खाली गेली. पाळणाघरात कोणी कोणाला चावलं, हे ती चावणाऱ्यासमोर कधी विचारत नसे. नवऱ्यावर विश्वास होता म्हणून इथे विचारलं. त्याच विश्वासाखाली हा माणूस चिरडला गेला.

"तुम्हाला वर घेणार आहेत," ती म्हणाली.

"बघू," म्हणाला आणि गेला.

आतली खोली म्हणजे चार भिंती आणि एक दिवा. संध्याकाळी दार वाजलं. "अगं, किती ताणतेस?" नवरा बाहेरून म्हणाला. "चुकलं म्हणतोय ना."

तिने दार अर्धं उघडलं. "खारूसमोर बस आणि त्याला सांग, की मी तुला चुकीचं शिकवलं. आईपासून काही लपवायचं नाही."

"चार वर्षांच्या पोरासमोर कान धरू? डोकं फिरलंय का तुझं?"

तिने दार लावून घेतलं. पावलं लांब गेली. खारू पलंगावर उड्या मारत होता, तो थांबला.

"आई, आता सगळी गुपितं सांगायची?"

"सगळी म्हणजे? अजून आहेत?"

तो बोटांवर मोजायला लागला. एक हात संपला, तशी त्याने ओठ हलवत दुसऱ्या हाताची बोटं धरली.

"सांग बाळा," ती म्हणाली. "पहिलं सांग."

खारूने तोंड उघडलं आणि आधी बंद दाराकडे बघितलं.