चबुतऱ्यावरचं इंजिन

"आत शीर, कडूबाई. गडी माणूस मावत न्हाई त्या दारातून," मुकादम उत्तरेश्वर म्हणाला.

इंजिनाच्या भट्टीचं तोंड जेमतेम हातभर रुंद होतं. कडूबाईने पदर खोचला, पेटती चिमणी आणि खरवडणी पुढे सरकवली आणि मान तिरकी करून आत शिरली. परळीच्या शेडमध्ये ती राखेतला अर्धा जळका कोळसा वेचायची. भट्टी साफ करणं तिचं काम नव्हतं. पण उद्या रेल्वेचा मोठा साहेब येणार होता, आणि उत्तरेश्वरला नाही म्हणणाऱ्याला पुन्हा फाटकातून आत घेत नसत.

निजामाच्या राज्यात परळीपर्यंत रूळ पडले तेव्हा खडी ओढत सगळ्यात आधी आलं ते हेच इंजिन. आता ते थकलं होतं. मोडीत न काढता स्टेशनासमोर चबुतरा बांधून ते कायमचं जपायचं ठरलं होतं.

भट्टीच्या आतल्या भिंतीला नळ्यांची तोंडं होती. त्यातलं एक बाकीच्यांहून नवं दिसत होतं. कडूबाईने चिमणी तिथे धरली. काही वर्षांमागे त्या जागची जुनी नळी फुटली आणि उकळती वाफ भट्टीच्या दारातून बाहेर आली. दारासमोर तिचा नवरा धुळाजी कोळसा टाकत होता. मेंढरं विकून तो आगवाला झाला होता. ड्रायव्हर बद्रीनाथने उडी मारली, तो वाचला. धुळाजी दोन दिवस जगला. अंगावर धडुतंसुद्धा ठेवता येत नव्हतं.

नळी गळते हे बद्रीनाथनेच आधी शेडमध्ये सांगितलं होतं. चौकशीत मात्र तो म्हणाला, धुळाजी शिंदी प्यायला होता, त्याने बॉयलरात पाणी कमी पडू दिलं. धुळाजीने शिंदीला कधी तोंड लावलं नव्हतं.

"झोपलीस का गं?" बाहेरून उत्तरेश्वर ओरडला.

"न्हाई. लई घट्ट बसलंय हितं," ती म्हणाली आणि खरवडू लागली.

दुसऱ्या दिवशी इंजिन चबुतऱ्यावर चढलं. साहेब उर्दूत बोलला. उत्तरेश्वरने ते जमलेल्यांना मराठीत सांगितलं. "साहेब म्हणतेत, या इंजनानं आजवर एका माणसालाबी इजा केली न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथच्या गळ्यात हार होता. त्याची नजर कडूबाईवर पडली, तसा तो हार सारखा करू लागला.

पाण्याच्या टाकीपाशी तिने त्याला गाठलं.

"दादा, तुमाला समदं म्हाईत हाय. का बोलला न्हाईत?"

"बोलून धुळाजी माघारी येतो का?"

"दारुडा तरी म्हणायचं न्हवतं."

बद्रीनाथने इकडेतिकडे पाहिलं. "तू तरी कुठं बोललीस? शेडात तुला राख वेचायला घेतलं, तवा गपच बसलीस की."

ते खरं होतं. घरात धुळाजीची म्हातारी आई होती, चूल होती. कडूबाई शेडकडे वळली.

उत्तरेश्वरने तिला नवं काम दिलं. रोज इंजिन पुसायचं, तेल लावायचं, पितळ चकचकीत ठेवायचं. तिने मान डोलावली.

पुढल्या शुक्रवारी गावातल्या बायका ताटं घेऊन आल्या. कुणी म्हणालं होतं, इंजनाला पुजलं की प्रवासाला गेलेलं माणूस सुखरूप घरी येतं. कडूबाई चाक पुसत होती.

"बाई, तू जरा लांब हो," पाटलाची सुंदरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सवाष्णींचं हाय हे."

कडूबाई उतरून लिंबाखाली जाऊन उभी राहिली. बायकांनी चाकांना, भट्टीच्या दाराला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आपापल्या नवऱ्यांची नावं घेतली, हसल्या आणि गेल्या.

मग उत्तरेश्वर आला. "हे काय माखून ठिवलंय? संध्याकाळच्या गाडीनं साहेब उतरायचाय. पूस."

कडूबाई पुन्हा चढली. तेलकट पत्र्यावरचं कुंकू चिंधीने निघेना, नुसतं पसरत गेलं. शेवटी तिने ते हातानेच निपटून काढलं.

मग ती नळावर गेली. दोन्ही तळवे लालभडक झाले होते. येणाजाणाऱ्यांकडे पाठ करून ती खाली बसली, मूठभर माती घेतली आणि घाईघाईने हात घासू लागली.