तळ्यातल्या दगडाची कैफियत

मी एक जुना दगड आहे. देवळाचा नाही, किल्ल्याचा नाही, त्यामुळे मला कुणी हळदकुंकू लावलं नाही की माझा फोटो काढला नाही. मित्रांनो, माझी नोकरीच बुडून राहण्याची. अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या तळ्यात टाकल्या की त्या वर येऊ पाहतात. त्यांना पाण्याखाली दाबून ठेवायचं काम माझं आणि माझ्या भावंडांचं. दिवसामागून दिवस काड्या कुजतात, साल सुटते आणि त्या सालीचा धुतलेला पांढरा वाख निघतो. त्याचे दोर होतात, पोती होतात. वास मात्र असा सुटतो, की माणसं नाकाला पदर लावतात. आम्हाला नाकही नाही आणि पदरही नाही.

खाणीतून आम्हाला बैलगाडीत घालून एका शेतकऱ्याने आणलं. तेव्हा तळं भरलेलं असे आणि घरात माणसंही भरपूर. वाख पांढराशुभ्र निघाला की तो माझ्यावर थाप मारून म्हणे, "दगड असावा तर असा!" माझ्या आयुष्यात कौतुक एवढंच झालं, पण मला ते पुरलं.

पुढे पाऊस लहरी झाला. तळ्यात गाळ साचला. बाजारात नायलॉनचे दोर आले. घरातला मुलगा गिरणीत कामाला गेला. मागे उरले तो शेतकरी, आता म्हातारा झालेला, आणि त्याची सून. दोन वर्षं अंबाडी पेरलीच नाही. मला एकट्याला मागच्या दारी नेऊन ठेवलं आणि सून माझ्यावर धुणं आपटू लागली. मी कंटाळलो होतो, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

मग सुनेनेच माहेराहून बी आणलं. नवऱ्याने फोनवर बजावलं, "यंदा वाख साधला नाही, तर जमीन वीटभट्टीला देऊ." भट्टीवाले वरची माती खरवडून नेतात. मागे खड्डा उरतो, त्यात काही पिकत नाही. सून जिवावर उदार होऊन राबली. अंबाडी माणसाच्या डोक्यावर गेली. पेंढ्या तळ्यात टाकल्या आणि ती इकडेतिकडे बघू लागली.

"मामंजी, इथले दगड कुठं गेले?"

"शेजाऱ्याला दिले, गोठ्याच्या भिंतीला. नुसते पडूनच होते की."

"मला विचारायचं तरी!"

"दगड द्यायला कसलं विचारायचं?"

पेंढ्या तरंगू लागल्या होत्या. दोघांनी घाईघाईने गाळाची ढेकळं काढून त्यांवर ठेवली. मला कसंबसं ढकलत आणून एका पेंढीवर बसवलं.

पेंढ्या बाहेर काढल्या तेव्हा गाळाखालचा सगळा वाख चिखलाच्या डागांनी काळा पडला होता. माझ्या खालची एक पेंढी तेवढी पांढरी होती. ती बघून मला आनंद झाला नाही, उलट लाज वाटली. व्यापाऱ्याने काळा वाख चिमटीत धरला आणि सोडून दिला. "वहिनी, चुलीत घाला," तो म्हणाला.

दोन दिवसांनी भट्टीवाला दोरी घेऊन शेत मोजायला आला. म्हातारा हातातलं पागोटं नुसतंच फिरवत राहिला. भट्टीवाला म्हणाला, "आजोबा, हो म्हणा, की मी लागलो कामाला."

म्हातारा सुनेकडे वळला. "तू सांग, पोरी. द्यायची का?"

त्या घरात तिला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, "नाही द्यायची. आधी गाळ काढू. दगड मी शोधून आणते."

भट्टीवाला दोरी गुंडाळून गेला. नवरा फोनवर चिडला, तेव्हा म्हाताऱ्यानेच त्याला गप्प केलं. पुढच्या वर्षी काय होईल ते मला ठाऊक नाही. पाऊस माझ्या हातात नाही, बाजारही नाही. मी थकलोय आणि पुन्हा बुडायचंय.

मित्रांनो, दगडांना जपा असं मी म्हणणार नाही. दगड कुठेही मिळतात. पण घरातलं काही देऊन टाकण्याआधी, जे हात त्यावर राबतात त्यांना एकदा विचारा. एवढंसं कळायला आमच्या घराचं जवळजवळ अख्खं पीक काळं पडलं.