सरांच्या हाताखाली

सकाळी चित्रशाळेच्या खिडक्या उघडायच्या, रंगांच्या बशा धुऊन पालथ्या घालायच्या आणि काल वाळत ठेवलेली चित्रं एकेक करून तपासायची, हा ताईचा अठरा वर्षांचा शिरस्ता होता. ताई म्हणजे तिथल्या सगळ्याच चित्रकारांची ताई. घरी ती कुणाची बायको होती, कुणाची आई होती; पण इथं खुद्द सरांनीही तिला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

सर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. निदान पुस्तकांवर तसं छापलेलं असे. प्रत्यक्षात चित्रं काढत ती पाच माणसं, एका जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर, ओळीनं मांडलेल्या टेबलांवर वाकून. सर टेबलांमधून फिरत. एखाद्याच्या खांद्यामागे थांबून, "कोपर सैल सोड," एवढंच म्हणत, आणि खरोखर दोष कोपरातच असे. असा शिक्षक शोधून सापडला नसता. पण त्या चित्रशाळेची एक रीत होती, आणि शहरातल्या बहुतेक नावाजलेल्या कलाकारांकडे तीच चालत आलेली होती. शिकणाऱ्याचं काम शिकवणाऱ्याच्या नावानं जायचं. कुठवर? तर सर "आता तू तयार झालास" म्हणेपर्यंत. बावीस वर्षांत सरांनी हे कुणालाच म्हटलं नव्हतं. शिकणाऱ्यांचे केस पिकले, डोळ्यांना चष्मे लागले, तरी ते शिकतच होते.

गेली तीन वर्षं सरांचा हात कापत असे. तेव्हापासून चित्राच्या कोपऱ्यातली सरांची सही ताईच करी. पहिल्या अक्षराचा तो ऐटबाज फाटा आता सरांपेक्षा तिलाच चांगला जमत होता. यात काही वावगं आहे, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला सुईत दोरा ओवून द्यावा, इतकंच ते तिला वाटे.

त्या दिवशी सहा चित्रं जायची होती. पाचांवर सही झाली. सहावं तिनं पुढे ओढलं आणि तिचा हात थबकला.

चित्रात पाण्याला भिणारी एक मुलगी हौदाच्या काठावर उभी होती. चेहरा तिनं वळवून घेतला होता, तो दिसतच नव्हता. पण पायाची बोटं! ती दहाही बोटं अशी आवळली होती की काठाचा दगड जणू त्यांनी मुठीत धरला होता. सगळी भीती त्या बोटांत उतरली होती. अठरा वर्षांत असे पाय ताईला एकदाही साधले नव्हते. हे तिला एका क्षणात कळलं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं नाही, कारण चित्र तिच्या लेकीचं होतं.

लेक वीस वर्षांची. लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून बापानं तिचं नाव खारू पाडलं होतं. चार महिन्यांपूर्वी ताईनंच मोठ्या कौतुकानं तिला सरांच्या हाताखाली आणून बसवलं होतं.

ताई चित्राकडे बघत राहिली. एवढ्यात चित्रं न्यायला माणूस आल्याची खालून हाक आली, आणि सवयीनं तिचा हात चालला. फाटा, वेलांटी, खाली रेघ. मान वर केली तर समोर खारू उभी होती.

खारूनं त्या सहीकडे पाहिलं. बशी धुवायला निघून गेली.

घरी आल्यावर तिनं जेवता जेवता विचारलं, "आई, हे नाव तू किती वर्षं लिहितेयस?"

"तीन."

"आणि तुझं?"

ताईनं खारूच्या ताटात भाजी वाढली. बापानं मध्ये तोंड घातलं. तो फ्रीज दुरुस्त करायचा, आणि आपली बायको इतक्या मोठ्या माणसाकडे काम करते याचा त्याला अभिमान होता. तो म्हणाला की सगळ्याच धंद्यांत असं असतं, मीही उस्तादाकडे सहा वर्षं नुसते नटबोल्टचे पाने पुसलेत. खारूनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "सातव्या वर्षी काय झालं, बाबा?"

"सातव्या वर्षी मी माझी पाटी लावली," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन घास हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवसापासून ताईचं कशात मन लागेना. धुतलेले कपडे तिनं घडी करून ठेवले आणि उलगडून पुन्हा त्यांच्या घड्या घातल्या. कामावर जाताना दोन चौक पुढे निघून गेली. कपाटातली सरांची एकेचाळीस पुस्तकं काढून ती पानं उलटत बसे. हा कुत्रा माझा, ही खिडकी माझी, हे जत्रेला निघाल्यासारखे ढग त्या मधल्या टेबलावरच्या काकांचे. पानं उलटता उलटता एक पुस्तक मात्र ती दर वेळी न उघडताच बाजूला ठेवी. ते प्राण्यांचं होतं, आणि त्यातलं पान न् पान डावऱ्याचं होतं.

डावरा तिच्याच बरोबरीनं सरांकडे आलेला. डाव्या हातानं काढायचा, आणि जनावर असं काढायचा की पान उलटताना बोट चावलं जाईल असं वाटावं. दहा वर्षांपूर्वी तो चित्रशाळा सोडून गेला. स्वतःची चित्रं घेऊन तो प्रकाशकाकडे गेला, तेव्हा तिथल्या संपादकबाईंनी ओळखलं, की ही तर सरांची शैली. तो म्हणाला, ते प्राण्यांचं पुस्तकही माझंच आहे; खात्री करायला त्यांनी चित्रशाळेत फोन केला. तो ताईनं उचलला. समोर सर चहा पीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बिस्कीट बुडवत राहिले. ताई म्हणाली, "नाही हो, ते सगळं सरांचंच आहे." एवढ्या एका वाक्यानं डावरा चोर ठरला. पुढे त्याला कुणी दारातही उभं केलं नाही.

सुट्टीच्या दिवशी ताई त्याला शोधत गेली. गावाबाहेर गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या रांगेत त्याचं पत्र्याचं दुकान होतं. तो मालट्रकांवर नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ताईला पाहून त्यानं डबा उपडा करून तिला बसायला दिला आणि हातातला आकडा पुरा करूनच वळला.

ती काय सांगायला आली आहे, हे त्याला माहीत होतं. फोनवर कोण बोललं, हे संपादकबाईंनी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. ताई रडायला लागली तशी तो अवघडला. त्यानं तिला पुसायला फडकं दिलं, पण त्याला रॉकेलचा वास होता, म्हणून परत घेतलं.

"तू खरं सांगशील, अशी माझी अपेक्षा नव्हती," तो म्हणाला. "तुझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती. मला फक्त वाटलं होतं, तू गप्प बसशील. तेवढंसुद्धा पुरलं असतं."

जनावरं काढतोस का, असं तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. आता फक्त अक्षरं, म्हणाला. अक्षर कुणाचं, असं कुणी विचारत नाही.

त्यानंतर पंधरवडा गेला. खारूकडे सोपवलेल्या नव्या पुस्तकाची बाराही चित्रं पुरी झाली. ती पुस्तकाची चित्रं आहेत हे विसरून चित्रशाळेतली माणसं टेबलं सोडून ती बघायला येत. सरही बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी ताईला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

त्यांचा आवाज मऊ होता. प्रकाशनसंस्था एक नवी योजना काढत होती. अनुभवी कलावंतांनी या कामात नव्यानं पडलेल्या कलावंतांना वर्षभर हाताशी धरायचं, मार्गदर्शन करायचं. तिची सूत्रं सरांकडे येत होती, पण प्रकृती साथ देत नव्हती. ते सगळं ताईनं बघावं, नवी माणसं निवडावी, घडवावी. "आता तुला तयार म्हणायला हरकत नाही," सर म्हणाले.

अठरा वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते असं दुपारच्या वेळी, औषधाच्या बाटल्यांमध्ये बसून तिनं ऐकलं. तिला खरंच भरून आलं. ती वाकून काहीतरी बोलणार, तोच सर पुढे म्हणाले, "नाव मात्र माझंच राहू दे. मी गेल्यावरसुद्धा. तुझ्या हातून ते माझ्यापेक्षा चांगलं उतरतं."

ताई वाकता वाकता थांबली. तिच्या डोळ्यांपुढे टेबलांच्या रांगा उभ्या राहिल्या. निवडून आणलेली नवी माणसं खाली माना घालून बसलेली, आणि त्यांच्या खांद्यांमागे ती स्वतः फिरते आहे, कोपर सैल सोडा म्हणून सांगते आहे. पहिल्या टेबलावर खारू. चाळिशीची.

बाहेर संपादकबाई येऊन बसल्या होत्या. त्याच, फोनवरच्या. खारूची चित्रं आज त्यांच्या हाती द्यायची होती. मोठ्या टेबलावर बाराही मांडलेली, कोपरे कोरे. सर खुर्चीत येऊन बसले. त्यांनी नजरेनंच ताईला खुणावलं, तशी तिनं लेखणी उचलली. सगळे आपापल्या कामात असल्यासारखे बसले होते, पण एकाचाही कुंचला हलत नव्हता. खारू खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

ताईनं लेखणी खाली ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "दहा वर्षांपूर्वी तुम्ही मला फोन करून एक गोष्ट विचारली होतीत. तेव्हा मी खोटं बोलले. ते प्राणी सरांचे नव्हते. त्याचेच होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि ही बारा चित्रं माझ्या मुलीची आहेत. यांवर मी दुसऱ्या कुणाचं नाव घालणार नाही."

तिनं लेखणी सरांपुढे सरकवली.

सर रागावले नाहीत. ते दुखावले होते, आणि ते नाटक नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "कुंचला धरायला तुला मी शिकवलं."

"शिकवलंत, सर. मी मरेपर्यंत सगळ्यांना तेच सांगेन. तुम्ही कधी कुणाला माझं नाव सांगितलंत का?"

सरांनी संपादकबाईंकडे पाहिलं. बाई चित्रांकडे पाहत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि काहीही न घेता उठून गेल्या. ताईनं चित्रं गोळा केली. खारूनं पुढे होऊन त्यांची गुंडाळी केली. मधल्या टेबलावरचे काका तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "तू सुटलीस. आमचं काय?" हा प्रश्न जिना उतरेपर्यंत तिच्या मागे आला, आणि पुढेही कित्येक दिवस मागे राहिला.

या गोष्टीचा शेवट गोड झाला, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आठ महिने मायलेकींना कुणी काम दिलं नाही. दोघींच्या हाताला अजून शिस्त नाही, असं सर ज्याला त्याला काळजीच्या सुरात सांगत, आणि लोक मान डोलावत. चित्रशाळेतली चारही माणसं तिथंच राहिली. सरांची सही आता दुसरं कुणीतरी करतं. खारूचं पुस्तक एका लहानशा छापखान्यानं काढलं, खारूच्या नावानं, आणि फार थोड्या घरांत ते पोहोचलं. एवढं मात्र झालं, की एक दिवस संपादकबाईंचं पत्र डावऱ्याकडे आलं. प्राण्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर तुमचं नाव राहील, त्यात लिहिलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि पुन्हा नंबर रंगवायला लागला. 

त्याच्याच दुकानामागं एक खोली रिकामी होती. काकांच्या प्रश्नानं ताईला स्वस्थ बसू दिलं नव्हतं. तिनं ती खोली झाडली, चुन्याचा हात दिला, नवऱ्याकडून दोन बाकं ठोकून घेतली आणि दर सुट्टीला ती तिथं बसू लागली. कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली अडकलेले कलाकार तिच्याकडे यायला लागले. आधी एकटेदुकटे, इकडेतिकडे बघत, मग जोडीजोडीनं. काम घेण्याआधी काय लिहून घ्यावं, कच्ची रेखाटनं तारीख घालून कशी जपावी, सोडून जायचं तर ते तोंडावर कसं सांगावं, हे ती शिकवी. चित्रही शिकवी, अगदी सरांनी शिकवलं तसंच, आणि ते कुणी शिकवलं तेही सांगे. पण आलेल्या प्रत्येकाला ती सर्वांत आधी फोनची गोष्ट सांगत असे. स्वतःची. हे सांगायची काय गरज, असं नवऱ्यानं विचारलं होतं. ती म्हणाली, "मी कोण आहे हे कळू दे, मग ठरवू दे त्यांना, बसायचं की जायचं."

एकदा दुपारी पन्नाशीची एक बाई आली. कपडे नीटनेटके, हातात पिशवी. कळसूत्री बाहुल्या बनवते, म्हणाली. त्यांचे खेळ गावोगाव होतात. तिचं नाव ताईनंही ऐकलं होतं. बाई बाकाच्या कडेवर टेकली. ताईनं फोनची गोष्ट सांगितली. ऐकताना ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली.

"तुम्ही कुणाच्या हाताखाली आहात?" ताईनं विचारलं.

बाईनं पिशवी बाकावर ठेवली.

"माझ्या हाताखाली दोघी आहेत," ती म्हणाली. "सात वर्षं झाली. गेल्या चार वर्षांतली एकही बाहुली माझी नाही. त्यांना हे कसं सांगू, ते विचारायला आलेय."

ताई उठली, आणि आपलं बाक ओढत तिच्या अगदी समोर घेऊन आली.