धुळीची ऊब

"हे तारे नाहीतच," नेल्दा म्हणाली.

ओस्वाल्दो पावावर आवोकाडो फासत होता. कोन्सेप्सिओन शहराच्या विद्यापीठात दोघं एकाच खोलीत काम करता करता म्हातारे होत आलेले. "मग काय आहे?"

"नुसती गरम धूळ."

तिच्या संगणकावर स्लाइड पहिली. काही दीर्घिकांच्या मधोमध कृष्णविवर वायू गिळत असतं, आणि आत पडता पडता तो वायू पेटतो. अशा दीर्घिकांत तारे जास्त जन्मतात, असं नेल्दा कात्रिलेओ वर्षानुवर्षं सांगत आली. पुरावा: तिथली धूळ तापलेली असते, आणि धूळ तापवतात कोवळे तारे.

स्लाइड दुसरी, आज सकाळी घातलेली. उत्तरेकडच्या वाळवंटातल्या दुर्बिणीची नवी, बारीक चित्रं. ऊब सगळी केंद्रात. दीर्घिकांचे बाहेरचे सर्पिल हात, जिथे तारे जन्मायला हवेत, ते गार. धूळ तापवली होती केंद्रातल्या धगीनेच. नेल्दाने इतकी वर्षं ती ऊब ताऱ्यांच्या नावावर घातली होती.

स्लाइड तिसरी—

"आज दाखवू नकोस," ओस्वाल्दो म्हणाला. दुपारी समिती होती, पूर्ण प्राध्यापकपदाची. पुढच्या वर्षी नेल्दा निवृत्त. "चित्रं उद्या आली असती तर?"

"आज आलीत ना."

"बाई गं, एवढी वर्षं दम धरलास, आणखी एक दुपार धर की!"

"तू पाव खा."

स्लाइड तिसरी तिने काढूनच टाकली. तिच्यावर 'निष्कर्ष' म्हणून जुनाच दावा लिहिलेला होता.

समितीपुढे ती एकदाही अडखळली नाही. चूक कुठे झाली ते बोटाने दाखवलं. दोन-तीन दीर्घिकांत ताऱ्यांचा जन्म खरा आहे, तेही दाखवलं.

"म्हणजे अर्ज ज्या शोधावर केलास," अध्यक्ष दोन्या इर्मा म्हणाल्या, "तोच गेला?"

"बराचसा."

"मग आम्ही मत कशावर द्यायचं? तुझ्या धिटाईवर?" कोपऱ्यातला सदस्य राऊल हसत म्हणाला.

"धिटाईवर प्राध्यापकपद मिळत असतं तर तुम्ही इथे नसता, डॉन राऊल."

दोन्या इर्मांनी ओठ दाबले. मग हळू विचारलं, "अर्ज मागे घेतेस, नेल्दा? नकाराचा डाग राहणार नाही."

"नको. मागे घेतला तर कारण कुठेच लिहिलेलं उरणार नाही. तुम्ही नाकारा, आणि कारण नीट लिहा."

तिने प्रोजेक्टर बंद केला. भिंतीवरची दीर्घिका गेली. आतला पंखा मात्र गार होईपर्यंत घरघरत राहिला, आणि तो थांबेपर्यंत कुणी खुर्ची मागे सरकवली नाही.